बंद दारापुढच्या वहाणा

तात्या सुर्वे बंद दारापुढे वहाणा काढत. उघड्या घरात शिरताना सगळेच काढतात, त्यात विशेष काही नाही. पण कडीला सुंभ बांधलेल्या, आत चिटपाखरू नसलेल्या घरापुढे हा माणूस वहाणा काढून, छत्री मिटून, मिनिटभर उभा राही आणि हलक्या आवाजात विचारी, "आहे का कोणी?" कोणी नाही हे त्यांना दिसत असे, मला दिसत असे, अंगणातल्या कोंबडीलाही ठाऊक असे. तरी उत्तराला पुरेसा वेळ देऊनच ते वहाणा परत घालत. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस जरा चक्रम दिसतोय. चौथ्या दिवशी वाटलं, जरा नव्हे, चांगलाच.

एकोणीसशे तीसचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून एक प्रोफेसरसाहेब आले. खाडीपलीकडच्या वाड्यांतली कुटुंबं कशावर जगतात, घरातलं कोण कोणतं काम करतं, काय मिळवतं, याची त्यांना पाहणी करायची होती. बरोबर कॉलेजातली चार मुलं होती, पण परक्या पुरुषापुढे इथल्या बायका तोंड उघडेनात, म्हणून एक बाई हवी होती. आमच्या हेडबाईंनी माझं नाव सुचवलं. सुट्टीभर बोलायला वर्ग मिळाला नाही तर मी शेजाऱ्यांना छळते, असं त्यांनी प्रोफेसरसाहेबांना सांगितलं म्हणे. आणि वाटा, माणसं, भरती-ओहोटी ठाऊक असलेला एक गावचा माणूस हवा होता, ते तात्या.

पन्नाशीचे असतील. काळी टोपी, एकच बटण उरलेला कोट, खाकेत छत्री, हातात पत्रकांचा पत्र्याचा डबा. मुंबईला एका गिरणीत मस्टर ठेवण्याचं काम त्यांनी वीस वर्षं केलं होतं. रोज सकाळी कोण आलं आणि कोण आलं नाही, एवढंच लिहायचं. कापसाच्या धुळीनं छाती धरली तेव्हा ते गावाकडे परतले. बायको आधीच गेलेली, मूल नाही, मुंबईत एक पुतण्या. खाडीच्या अलीकडच्या काठावर, चिरेखाणीच्या वाटेला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बोलताना मधेच थांबत आणि समोरच्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत. सुरुवातीला मीही दोनचारदा वळून पाहिलं. मागे माड होते.

पाहणीची रीत प्रोफेसरसाहेबांनी आम्हांला फळ्यावर समजावली. सगळ्या घरांत जाणं शक्य नाही, तेव्हा तलाठ्याच्या यादीतलं दर विसावं घर घ्यायचं. त्या एका घराचं जे निघेल ते वीस घरांचं धरायचं. मुलांनी माना डोलावल्या. तात्यांनी मात्र ते फार मनावर घेतलं.

"बाई," पहिल्या घराच्या अंगणात ते मला म्हणाले, "आपण ओट्यावर ह्यांच्याशी बोलणार. पण मागे आणखी एकोणीस घरं ताटकळत उभी आहेत. जरा दमानं विचारा."

आणि त्यांनी खरोखरच त्या घराच्या मागे पाहिलं. वैशाखातलं ऊन, खाडीवरून येणारा खारट वारा, त्या धगीत लांबचं सगळं हलल्यासारखं दिसतं. त्या हलत्या उजेडात त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी किंचित मान झुकवली. पुढे पुढे मलाही तिकडे बघायची सवय लागली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पत्रकाच्या कोपऱ्यात ते शाईनं एक लहानसं घर काढत. त्याच्या मागे पेन्सिलीनं, फिकट, एकोणीस छपरं. एकाआड एक, टेकडीवर वस्ती चढत गेल्यासारखी. "सुर्वे, पत्रकं घाण करू नका," असं प्रोफेसरसाहेबांनी दोनदा बजावलं. तात्या "होय साहेब" म्हणत आणि पुढच्या पत्रकावर आणखी बारीक छपरं काढत.

हा अहवाल एका सरकारी समितीपुढे जायचा होता. खाडीवर साकव बांधायचा की नाही, हे ती समिती ठरवणार होती. पलीकडच्या वाड्यांतली माणसं रोज अलीकडे कामाला येत असतील तर पायी जाण्यापुरता पूल बांधून द्यायचा, नसतील तर मैलभर वर होडी आहेच. तात्यांना साकव हवा होता. एकदाच त्यांनी मला कारण सांगितलं.

"गेल्या साली एक बाई गेली बघा भरतीत. माझ्या घरासमोरून उतरली होती. मी ओट्यावरून ओरडलो, पाणी चढतंय म्हणून. वाऱ्यानं ऐकू गेलं नाही." मग बराच वेळ ते छत्रीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिले. "निरोप सांगायला तिच्या वाडीत गेलो तर दार बंद. घरात ती एकटीच राहायची. सांगायचं कुणाला? वहाणा काढून नुसता उभा राहिलो."

त्यानंतर मी त्यांना चक्रम म्हटलं नाही. मनातसुद्धा नाही.

आमच्या कामाला एक मुभा होती. यादीतलं घर बंद असेल तर शेजारचं घर घ्यावं. पोरं ती सर्रास वापरत. मीही वापरली. एका बंद दाराशी उन्हात उभी होते, तर शेजारच्या ओट्यावरून एका काकूंनी हाक मारली. मोठ्या घरच्या, ऐसपैस, नवरा बोटीवर कारकून. त्यांनी बसायला पाट दिला, कोकमाचं थंडगार सरबत दिलं आणि विचारायच्या आधीच सगळी उत्तरं दिली. घरातल्या बायका मजुरीला जातात का? "छे गो! आमच्या वाडीत नाय कोण जात." मी लिहिलं, नाही. अशी तीन घरं मी त्या आठवड्यात घेतली आणि पत्रकांचा गठ्ठा चांगला जाड झाल्यावर स्वतःवर खूश झाले.

तात्यांचा गठ्ठा पातळच राहिला. शेजारचं घर ते घेतच नसत. यादीपुढे "बंद" एवढं लिहीत आणि पुढे जात. माझी पत्रकं त्यांनी सावकाश चाळली.

"बाई, सरबत कसं होतं?"

"तुम्हांला कोणी सांगितलं?"

"पत्रकावर लाल डाग आहे," ते म्हणाले आणि गालात हसले.

दुसऱ्याच सकाळी आम्ही खाडी उतरत होतो. ओहोटी लागली की पाणी घोट्याइतकं होई, चिखलात पाय रुतत आणि लहान खेकडे बिळांत पळत. पलीकडे जायचं, दोनतीन तासांत काम उरकायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं, असा आमचा रोजचा क्रम. समोरून बायका येत होत्या. पंधरावीस असतील. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर पाट्या, कुणाच्या पाटीत भाकरीचं फडकं. अलीकडच्या चिरेखाणीवर निघाल्या होत्या. पाण्यावर इतकं ऊन चमकत होतं की त्यांचे पाय दिसेनात, नुसत्या तरंगत आल्यासारख्या वाटल्या. रोजच येत, रोजच आम्ही वाट देत असू. त्या दिवशी तात्या मधेच थांबले. शेवटची बाई जाईपर्यंत थांबले आणि मग पाठमोऱ्या बायकांकडे बघत राहिले.

"बाई, आपण कुणाला शोधतोय?"

"पलीकडच्या वाड्यांतल्या बायकांना."

"मग ह्या कोण गेल्या?"

मीही वळून पाहिलं. ज्या ओहोटीला आम्ही पलीकडे जात होतो, त्याच ओहोटीला त्या अलीकडे येत होत्या. रोज खाडीच्या मधोमध आम्ही एकमेकांना ओलांडत होतो आणि पुढे जाऊन मी त्यांचीच बंद दारं वाजवत होते. दारं बंद म्हणून शेजारी जात होते आणि घरी बसलेल्या काकूंचं सरबत पिऊन "ह्या वाडीतल्या बायका मजुरीला जात नाहीत" असं शुद्ध अक्षरात लिहीत होते. इतकी लाज मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

"इथेच थांबवून विचारू या ना," मी म्हटलं. पण पत्रक घरात बसूनच भरायचं, असा नियम होता. शिवाय त्या खाणीवर वेळेत पोचल्या नाहीत तर मुकादम परत पाठवी. संध्याकाळी त्यांच्यामागून जावं, तर पाणी चढल्यावर रात्री परतायची सोय नव्हती.

त्याच दिवशी यादीतलं एक घर उघडं मिळालं. भागीरथी तिचं नाव. तिशीची, काटक, डोळ्यांत थट्टा. ओट्यावर पाय लांब करून बसली होती आणि पायाला पाला बांधून चिंधी गुंडाळलेली होती. काय करतेस, तर खाणीवर चिरे उचलते. रोज? रोज.

तात्यांनी पत्रक मांडीवर घेतलं, पण लिहीनात. एकदम म्हणाले, "काल ओहोटीच्या वेळी कोण होतं घरात?"

"कोण नाय."

"परवा?"

"कोण नाय वो."

"तेरवा?"

"तात्या, किती येळा इचारताव? कोण नाय. मी खानीवर, पोर बहिनीकडं. काल पायाव चिरा पडला, मुकादमान सांगितलान, बस घरात, म्हनून आज गावले तुमाला."

तात्यांनी तरी आज धरून सहाव्या दिवसापर्यंत मागे जाऊन विचारलं. मग बोटं मोजली आणि पुन्हा तिच्या घरामागे बघू लागले. या वेळी ते इतका वेळ बघत राहिले की भागीरथीनंही मान वळवून पाहिलं.

"बाई," ते मला हळूच म्हणाले, "सहा दिवसांतला एकच दिवस ही भेटण्याजोगी. तो नेमका आज. म्हणजे हिच्यासारख्या आणखी पाचजणींची दारं आपण बंद बघून आलो असणार. हे घर वीस घरांचं नाही. सहा वीसांचं आहे."

"एकशेवीस?"

"एकशेवीस."

पत्रकाचा कोपरा पुरेना, म्हणून त्यांनी ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर छपरं काढायला घेतली. भागीरथी कौतुकानं बघत होती.

"ह्यातलं माजं खंचं?"

"हे शाईचं."

"आनी ही फिकी?"

"तुझ्यासारख्यांचीच. मला भेटल्या नाहीत त्यांची."

तिनं जरा विचार केला. "मंग धूर नाय तो कसा? सांजची येऊन चूल पेटवतात ना त्या."

तात्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि एकेका छपरावर धुराची रेघ काढली. आम्हांला त्या दिवशी परतायला उशीर झाला, पाणी मांड्यांपर्यंत आलं. तात्या डबा डोक्यावर धरून पुढे चालत होते आणि मी त्यांच्या कोटाचं टोक घट्ट धरलं होतं. पाण्याची ओढ पायांना कळत होती. गेल्या सालच्या त्या बाईची आठवण आम्हां दोघांनाही होती.

प्रोफेसरसाहेब आमच्याच शाळेच्या एका वर्गात बसून आकडे जुळवत. तरुण, प्रामाणिक, उन्हानं नाक सोललेलं. भागीरथीचं पत्रक त्यांनी वाचलं आणि लाल पेन्सिलीनं वर लिहिलं, "अपवाद. वगळावे."

"सुर्वे, एका बाईवर एकशेवीस घरांचं वजन? ती खोटं बोलली असेल तर एकशेवीस घरं खोटी पडतील."

"होय साहेब," तात्या म्हणाले. "तो धोका आहे. पण तिला वगळलं तर एकशेवीस घरं नक्कीच गळून पडतील. त्यात संशयाला जागा नाही."

"नियम सगळ्यांना सारखा हवा. ह्या एकीला वेगळा कसा लावू?"

"सगळ्यांना लावू या. जिथं जिथं गेलो तिथं परत जाऊन एवढंच विचारू. सहा दिवसांत किती ओहोट्यांना घरात माणूस होतं? जी रोज घरी असते तिचं वजन वीसच. जी तीन दिवस असते तिचं चाळीस. आणि शेजारची म्हणून घेतलेली घरं काढून टाकू."

मुलं कुरकुरली. पाऊस आठदहा दिवसांवर आला होता आणि साहेबांचं परतीचं तिकीट काढून झालं होतं. तेव्हा तात्या उभे राहिले आणि मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"साहेब, शिमग्यात आमच्या देवाची पालखी घरोघर फिरते. निम्मी घरं बंद असतात, माणसं मुंबईला. पालखी म्हणून काय शेजारच्या घरात दोनदा जात नाही. बंद दारापुढे थांबते. नारळ उंबऱ्यावर ठेवतात, त्या घराच्या नावानं गाऱ्हाणं घालतात आणि मगच पालखी उठते. देवाला सवड आहे, आपल्याला नाही?"

साहेबांनी भागीरथीचं पत्रक पुन्हा उचललं, सहज उलटलं आणि ती छपरं त्यांना दिसली. घाण केली म्हणून रागावतील असं मला वाटलं. ते खिडकीशी गेले, उजेडात कागद धरला आणि किती वेळ बघत राहिले. मग नाकावरचं सोललेलं कातडं खाजवत म्हणाले, "ह्या सगळ्या चुली पेटलेल्या आहेत."

"होय साहेब. सांजची वेळ आहे."

साहेबांनी तिकीट पुढचं घेतलं. पुढचे आठ दिवस आम्ही वाड्यांतून तो एकच प्रश्न विचारत हिंडलो. काकूंच्या ओट्यावर जाऊन मी सांगितलं की तुमचं पत्रक काढून टाकलंय, तर त्या रागावल्या आणि तरी सरबत दिलं. मी प्यायले. ओहोटीच्या वेळी एखाददुसराच दिवस घरी असलेल्या आणखी चारजणी आमच्या गठ्ठ्यात निघाल्या. त्या शांतपणे इतरांत मिसळून गेल्या होत्या. एकेकीमागे वजन चढत गेलं आणि ज्या वाड्यांतल्या बायका मजुरीला जात नाहीत म्हणून मी लिहिलं होतं, तिथल्या निम्म्याहून जास्त घरांच्या बायका त्या तक्त्यात खाडी उतरू लागल्या. भागीरथीचं पत्रक साहेबांनी ठेवलं. लाल पेन्सिलीची ओळ त्यांनी स्वतः रबरानं खोडली.

साकव व्हायला दोन वर्षं लागली. जांभ्याचे खांब, वर माडाच्या खोडांची फरशी, हाताला काथ्याचा दोर. एका वेळी एकच माणूस सरळ चालेल इतकाच रुंद. समारंभ कसला, कुणीतरी नारळ फोडला. तात्या अलीकडच्या टोकाशी उभे होते, अनवाणी. वहाणा बाजूच्या दगडावर ठेवलेल्या. छाती तेव्हा फारच बिघडली होती, गळपट्टा गुंडाळला होता. पलीकडून बायका येऊ लागल्या. भागीरथी सगळ्यांत पुढे, पाय किंचित फेकत. दुरूनच ओरडली, "वो तात्या! आज कोण हाय घरात?"

आणि मागच्या सगळ्याजणी एका सुरात, "कोण नाय!"

त्या प्रश्नाची वाड्यांतून अशी थट्टा झाली होती. तात्या हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर काय मनात आलं कोण जाणे, सरळ साकवावर चढून समोरून चालू लागले. मधोमध पोचले तेव्हा बायकांशी गाठ पडली. ते अंग चोरून दोराला टेकून उभे राहिले. एकेक बाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरत पुढे जात होती. खाली ओहोटी होती, ओला चिखल उन्हात चमकत होता. बायका संपल्यावरही ते हललेत असं मला दिसलं नाही. सगळ्याजणी अलीकडे आल्या होत्या, तरी ते अंग चोरूनच उभे होते, अजून कुणाला तरी वाट देत असल्यासारखे. शाळेची वेळ झाली म्हणून मी निघाले. तात्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

माझी चिपळूणला बदली झाली. दिवाळीच्या सुट्टीत परत आले तेव्हा थेट त्यांच्या घरी गेले. कडीला सुंभ बांधलेला होता. शेजारची म्हातारी बाहेर आली. पुतण्या येऊन मुंबईला इस्पितळात घेऊन गेला, महिना झाला, म्हणाली. परत येतील का, असं विचारलं तर ती पदराशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "गेले वो बाई. परवा कागद आला. उन्हात कशाला उभ्या? हितं आमच्याकडं येऊन बसा. सरबत करतंय."

मी नको म्हटलं. वहाणा काढल्या आणि तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं, अंगणातून माडांवर चढलं. दिवेलागणीच्या सुमारास खाण सुटली आणि बायका त्या वाटेनं परतू लागल्या. पाट्या रिकाम्या, अंगावर चिऱ्यांची तांबडी धूळ. भागीरथीनं मला पाहिलं आणि पाय फेकत अंगणात आली. तिला कागदाचं कळलेलं नव्हतं. बंद दाराकडे पाठ करून बसलेली मी, माझा चेहरा, बाजूला काढून ठेवलेल्या वहाणा, हे तिनं एकदा नीट पाहिलं. डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"बाई," तिनं अगदी हळू विचारलं, "आज कोण हाय घरात?"

"कोण नाय," मी म्हटलं.

ती माझ्याजवळ ओट्यावर बसली. पलीकडच्या काठावर एकेक चूल पेटत होती, छपरांवरून धूर निघत होता, आणि आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत तो बघत बसलो.